ठसा कुत्र्याचा आहे, तरी गोठ्यावर छप्पर घाल

नमस्कार काकू,

गेल्या वर्षी आम्ही सॅक्रामेंटोचं भाड्याचं घर सोडलं आणि एल डोराडो काउंटीत डोंगराच्या पायथ्याशी ५ एकर जागा आणि घर घेतलं. चार शेळ्या, सहा कोंबड्या, एक कुत्रा आणि ५ वर्षांचा मुलगा असा संसार आहे. महिन्यापूर्वी शेजाऱ्यांच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात रात्री एक लांब शेपूट जाताना दिसली, बाकीचं जनावर चौकटीबाहेर होतं. ते म्हणतात, माउंटन लायन. पलीकडचे आजोबा म्हणतात, तीस वर्षं इथे राहतोय, एकदाही दिसला नाही. परवा आमच्या ओढ्याकाठी चिखलात ठसे सापडले, फोटो जोडलाय. रात्री बाई किंचाळावी तसा आवाजही दोनदा ऐकला. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या नारायणगावच्या. त्या आता नातवाला अंगणात पाऊल टाकू देत नाहीत. संध्याकाळी तो आणि मी हरणांना सफरचंदं घालायचो, तेही बंद. नवरा म्हणतो, रायफल आणतो. मी घर विकायच्या विचारात आहे. ते जनावर आहे की नाही हेच कळत नाही आणि झोप पार उडाली आहे. काय करू?

– एक वाचक, एल डोराडो काउंटी, कॅलिफोर्निया

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मीही अगं-तुगंच करते.

आधी तुझा फोटो. शेजारी गाडीची किल्ली ठेवून काढलास ते फार बरं केलंस, मापाचा अंदाज येतो. मी तो मोठा करून पाहिला. चारही बोटांच्या पुढे नखांची टोकं चिखलात रुतलेली दिसतात. मांजराच्या कुळातलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या ठशात नखं सहसा उमटत नाहीत. मग तळव्याची गादी बघ. कूगरच्या, म्हणजे तुमच्या माउंटन लायनच्या, गादीची मागची कड तीन गोलाईंची असते आणि पूर्ण वाढलेल्याचा ठसा तीन ते साडेतीन इंच रुंद भरतो. बोटंही जराशी तिरकी बसलेली असतात, डावी-उजवीकडे सारखी नसतात. तुझ्या फोटोतली बोटं सारखी आहेत आणि गादी लहान, त्रिकोणी आहे. हा ठसा कुत्र्याचा आहे. बहुतेक तुमच्याच.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यातली शेपूट लांब, जाड, खाली लोंबून टोकाशी पुन्हा वर वळलेली आणि टोकाला काळी असेल, तर ते कूगरच आहे. इकडे दिसणाऱ्या बॉबकॅटला शेपटीचा नुसता ठुटका असतो. आवाजाचं म्हणशील तर माजावर आलेली कूगरची मादी खरंच बाईसारखी किंचाळते, पण कोल्हाही तसाच ओरडतो. नुसत्या आवाजावरून मी काही सांगणार नाही. (नावांचा गोंधळ नको म्हणून सांगते: कॅलिफोर्नियात माउंटन लायन म्हणतात, वॉशिंग्टनकडे कूगर, पुस्तकात प्यूमा. प्राणी एकच. आणि कुणी काळा पाहिल्याचं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, काळा कूगर आजवर कुठेही सिद्ध झालेला नाही.)

आता आजोबांच्या तीस वर्षांबद्दल. त्यांना तो दिसला नाही यावरून तो तिथे नाही असं होत नाही. त्याने त्यांना टाळलं, एवढंच कळतं. एका नराचा मुलूख शंभर चौरस मैलांच्या घरात जातो, कधी त्याहून मोठा. तुमचे ५ एकर त्याच्या वाटेवरचा एक कोपरा आहेत. एखाद्या रात्री ओढ्याने तो जाईल आणि मग दोन-तीन आठवडे फिरकणार नाही. जिथे ओक-पाइनचं रान आहे, ओढा आहे आणि हरणं आहेत, त्या सिएरा नेवाडा डोंगराच्या उतारावर कूगर असतोच असं धरून चालायचं. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. तो आहे. आता रोज सकाळी उठून ठसे शोधायला नकोत, रात्री कान लावून पडायला नको. आपण काय करायचं ते त्याच्या असण्यावर ठरव, दिसण्यावर नको. मला विचारशील तर तुझी झोप खाल्ली ती या ‘आहे की नाही’ने.

यात माझा स्वतःचा अनुभव सांगायला हवा. मी याच डोंगरात बावीस वर्षं राहते. सहा वर्षांपूर्वी माझ्या तीन शेळ्या होत्या. सहा फुटी जाळीचं कुंपण आणि मागे तीन भिंतींची शेड. सहा फूट खूप झाले असं मला वाटायचं. फेब्रुवारीतली ओली पहाट होती. दूध काढायला गेले तर गेटची कडी जशीच्या तशी लागलेली. आत एकच शेळी, शेडच्या कोपऱ्यात भिंतीला अंग घासून उभी, तोंडातून आवाज नाही. दुसरी तिथेच आडवी पडलेली, मानेवर चार बारीक भोकं, रक्त जेमतेम ओंजळभर. तिसरी नव्हतीच. जाळीच्या वरच्या तारेला तिच्या पांढऱ्या केसांचा झुबका अडकला होता. माझी भरलेली शेळी तोंडात धरून ते जनावर सहा फुटांवरून गेलं होतं.

ओढत नेल्याची खूण धरून मी दीडशे पावलं गेले. मॅन्झानिटाच्या झुडपाखाली ओकच्या वाळक्या पानांचा ढीग होता आणि भोवतालची जमीन खराट्याने झाडावी तशी साफ. ढिगातून एक खूर बाहेर आलेला. मी तिथे उभी राहून रडले. ते मी करायला नको होतं. कूगर आपली शिकार अशीच पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो आणि पुढचे काही दिवस तीवर परत परत येतो. बऱ्याचदा तो जवळच कुठेतरी पडून असतो. तुला असा ढीग कधी दिसला तर वाकून बघू नकोस, फोटोला थांबू नकोस, आली तशी मागे फिर आणि मुलाला त्या बाजूला पाठवू नकोस.

त्या दिवशी राज्याच्या वन्यजीव खात्याचा माणूस आला, पाहणी करून गेला. कागदपत्रं करून ते जनावर मारायची परवानगी मागता येईल असं त्याने सांगितलं. मी नको म्हटलं. कूगर १५ फुटांपर्यंत उडी मारतो आणि मी सहा फुटांच्या उघड्या पिंजऱ्यात शेळ्या ठेवल्या होत्या. पळायला जागा नसलेल्या शेळ्या त्याच्यासमोर सैरावैरा धावल्या की तो एकावर थांबत नाही, म्हणून दोन गेल्या. ही चूक माझी होती, मी ती त्या जनावराच्या माथी मारणार नव्हते.

म्हणून तुला सगळ्यात आधी सांगते: शेळ्यांच्या गोठ्याला वरून झाकण हवं. चारी बाजूंना जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, वर पत्रा किंवा तशीच जाळी, खाली तार जमिनीत वितभर गाडलेली किंवा बाहेरच्या बाजूने दुमडून दगडांनी दाबलेली, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांनाही उकरता येत नाही. दाराला नुसती कडी नको, खिटी अडकवायची कडी हवी. माझा गोठा आता दहा फूट बाय दहा फुटांचा आहे, कुत्र्यांच्या पिंजऱ्याचे तयार पॅनेल आणून उभा केला आणि वर पत्रा टाकला. त्यानंतर एकही शेळी गेलेली नाही. तो आजूबाजूने गेला असणारच. एकदा पत्र्यावर चिखलाचे पंजेही पाहिले.

शेळ्या सूर्य मावळायच्या आत गोठ्यात आणि सूर्य चांगला वर आल्यावर बाहेर. यात एक दिवसाचीही सुट्टी नाही. पाहुणे आहेत म्हणून, पाऊस आहे म्हणून, ऑफिसचा कॉल लांबला म्हणून एखादी संध्याकाळ चुकते आणि नेमकी तीच महागात पडते. हे मी जरा कडक सांगते: वर्षाचे ३६५ दिवस संध्याकाळी शेळ्या कोंडणं तुम्हाला जमणार नसेल, तर शेळ्या देऊन टाका. घर विकायची गरज नाही. कोंबड्यांनाही हेच लागू.

दिव्यांचा उपयोग होतो. चिलीच्या उंच पठारावर अल्पाका आणि लामांच्या कळपांभोवती रात्री आपोआप लुकलुकणारे दिवे लावून पाहिले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिव्यांमुळे प्यूमा लांब राहिल्याचं दिसलं. पण दिवा महिनोन्‌महिने एकाच खांबाला लटकवून ठेवलास तर जनावर त्याला सरावेल. जागा बदलत राहा. आणि दिवा हा छपराच्या जोडीला, छपराच्या बदल्यात नव्हे. कुत्र्याला रात्री बाहेर बांधून ठेवू नकोस. तो राखण करेल असं वाटतं, पण साखळीला बांधलेला एकटा कुत्रा म्हणजे आयतं ताटच. नारायणगावकडे बिबट्याने दारातून उचललेली कुत्री सासूबाईंनी मोजली असतील, त्यांनाच विचार. कळपाबरोबर वाढवलेले ग्रेट पिरेनीजसारखे राखणीचे कुत्रे वेगळे. ते एका जागी बांधलेले नसतात आणि एकटेही नसतात.

आता सासूबाई. तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, पण मला वाटतं अर्धं पत्र त्यांच्याबद्दल आहे. त्यांना घाबरट म्हणू नकोस, नवऱ्यालाही म्हणू देऊ नकोस. माझं माहेर संगमनेरचं. उसात वाढलेल्या बिबट्याच्या गावात पहाटे पाण्याची मोटर चालू करायला जाणं काय असतं ते मला माहीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात तीन माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. नारायणगाव तिथून किती लांब? त्या बाईंच्या फोनवर ते सगळे व्हिडिओ आलेले असणार. नातवाला दारात उभं राहू न देणारी ही आजी अज्ञानातून बोलत नाही, ऐकलेलं-पाहिलेलं बोलते.

पण त्यांना एक फरक मात्र समजावून सांग. जुन्नर-शिरूरचा बिबट्या उसात राहतो, माणसाच्या घरापासून पन्नास पावलांवर पिल्लं वाढवतो, गावातली कुत्री आणि शेळ्या खाऊन जगतो. इथल्या कूगरचं मुख्य अन्न हरीण आहे आणि तो माणसापासून दूर राहतो. उत्तर अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत कूगरने मारलेल्या माणसांचा आकडा तीसच्या आसपास आहे. हे सांगताना तुझ्याच काउंटीतली गोष्ट लपवणार नाही, कारण ती तुला माहीत असणारच. २३ मार्च २०२४ ला जॉर्जटाउनजवळ रानात हरणांची गळून पडलेली शिंगं शोधायला गेलेल्या दोन भावांवर हल्ला झाला. २१ वर्षांचा थोरला गेला, १८ वर्षांचा धाकटा जखमी होऊन वाचला. कॅलिफोर्नियातला २००४ नंतरचा तो पहिला मृत्यू होता. वीस वर्षांत एक. त्या घरासाठी तो आकडा एक नाही, सगळं आयुष्य आहे, हे मी जाणते. म्हणून ‘काही होत नाही गं’ असं मी तुला म्हणणार नाही. सावधगिरी कशाची घ्यायची ते सांगते.

त्यातली निम्मी सावधगिरी सासूबाईंना आधीच ठाऊक आहे. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर एकटं मूल नको. पहाटे-तिन्हीसांजेला परसात वाकून काम नको, कारण खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस जनावराला चार पायांचा दिसतो. जुन्नरला खुरपणाऱ्या आणि ऊसतोडीच्या बायकांना हेच सांगतात. तुमच्या परसात मेथी-कोथिंबिरीचा वाफा असेल, आणि आई सहा महिने आली म्हणजे तो असणारच, तर निंदणी-खुरपणी सकाळी दहा-अकराला. मुलाची शाळेची बस गेटपाशी येत असेल तर हिवाळ्यात अंधारात त्याला एकटं सोडायचं नाही, कुणीतरी हाताला धरून उभं राहायचं.

आणखी एक. तिकडे वनखातं सांगतं की रात्री शेतात जाताना हातात काठी घ्या, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा. सासूबाई इथे फिरताना फोनवर भजन लावत असतील आणि तुम्हाला शेजारी काय म्हणतील असं वाटत असेल, तर लावू द्या. सांताक्रूझच्या डोंगरात संशोधकांनी कूगरच्या ताज्या शिकारीपाशी स्पीकर लपवले होते. कधी बेडकांचा आवाज लावला, कधी रेडिओवर राजकारणावर बोलणाऱ्या माणसांचा. बेडकांच्या आवाजाने कूगर जवळजवळ कधीच उठला नाही. माणसाचा आवाज आला की बहुतेक वेळा तो ताट सोडून पळाला आणि नंतरही पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळ त्या शिकारीवर बसला. हा अभ्यास २०१७ मध्ये आला. नारायणगावच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्ञानोबा-तुकोबांचा गजर तुमच्या ओढ्याकाठी खुशाल घुमू दे.

माझा सल्ला असा की संध्याकाळी शेळ्या आत घ्यायचं काम सासूबाईंकडे दे. तू किंवा नवरा सोबत राहा, पण किल्ली त्यांच्या कमरेला असू दे, वेळ त्या ठरवतील, शेळ्या मोजून त्या घेतील. नुसतं खिडकीत बसून बाहेर बघत राहिलं की भीती वाढते. ज्या बाईने आयुष्यभर दावणीची जनावरं सांभाळली, तिच्या हातात दावं दिलं की तीच भीती कामाला लागते. मुलगाही आजीबरोबर जाईल, आणि आजीच ‘आता घरात’ म्हणाली की त्याला तुझ्याशी वाद घालायची संधी उरणार नाही. दिवसा मात्र त्याला अंगणात खेळू दे. भर उन्हात, मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असताना, दाट झुडपांपासून लांब. डेकच्या खालची पोकळी जाळीने बंद करा, घरालगतची झुडपं छाटा. मुलाला आत कोंडून ठेवायचं होतं तर अपार्टमेंट काय वाईट होतं?

त्याला तीन गोष्टी खेळासारख्या शिकव. मोठी मांजर दिसली तर पळायचं नाही. खाली बसायचं नाही. आईला किंवा आजीला मोठ्याने हाक मारत त्यांच्याकडे तोंड न वळवता मागे मागे यायचं. पाच वर्षांचं पोर हे पहिल्यांदा विसरेल, म्हणून आठवड्यातून एकदा अंगणात खेळून घ्या. तुम्हा मोठ्यांसाठी: त्याला उचलून घ्या, पण शक्यतो वाकू नका आणि पाठ वळवू नका. हात वर करा, जॅकेट पसरून धरा, ओरडा, मराठीत ओरडलात तरी चालेल, हाताला येईल ते फेका. त्याला निघून जायला वाट सोडा. आणि अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग नाही, लढायचं. २०१९ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळ धावायला गेलेल्या एका माणसाने अंगावर आलेल्या तरुण कूगरचा हातात हत्यार नसताना सामना केला आणि तो वाचला. असा प्रसंग येण्याची शक्यता फार फार कमी आहे. पण काय करायचं ते माहीत असलं की पाय थरथरत नाहीत.

हरणांचं ऐकून तुला वाईट वाटेल. सफरचंदं घालणं पुन्हा सुरू करू नकोस, कधीच. तू आणि तो तिन्हीसांजेला पायरीवर बसून हरणांना खायला घालत असाल, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं, आणि ते सुंदरच आहे. पण त्या वेळी तुम्ही कूगरचं जेवण स्वतःच्या पायरीशी बोलवत होतात, नेमक्या त्याच्या जेवणाच्या वेळेला. कॅलिफोर्नियात हरणांना खाऊ घालायला कायद्यानेही बंदी आहे. मिठाची वडी ठेवली असेल तर तीही उचला, झाडाखाली पडलेली फळं रोज गोळा करा, कुत्र्याचं खाणं रात्री आत घ्या. मुलाला खरं कारण सांग. पाच वर्षांच्या मुलांना ‘हरणाच्या मागे मोठी मांजर येते’ हे नीट समजतं. हरणं तशीही येतील, ओढा आहे ना. लांबून खिडकीतून बघा.

आता रायफल. तुझ्या नवऱ्यावर मी चिडणार नाही, घर राखायची ओढ आहे त्याच्यात. पण कायदा माहीत असू दे. १९९० मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव ११७ मंजूर केला, तेव्हापासून कॅलिफोर्नियात कूगरची शिकार बंद आहे. स्वतःच्या जनावरावर हल्ला करताना तो समोर सापडला तर मालकाला मारता येतो, पण ७२ तासांत खात्याला कळवावं लागतं. एरवी आपलं पाळीव जनावर जखमी झालं किंवा मेलं तर आधी परमिट मागावं लागतं. माणसाच्या जिवावर बेतलं तर अर्थातच ९११. पण रात्री दोन वाजता झोपेतून उठून अंधारात, घरात मूल आणि आई असताना बंदूक चालवायची वेळ आणण्यापेक्षा पत्र्याचे चार तुकडे स्वस्त पडतात.

आणि मारून किंवा उचलून नेऊन प्रश्न संपत नाही. हे तर तुमच्या नारायणगावच्या तालुक्यातच सिद्ध झालंय. २००१ नंतर जुन्नर भागातले बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. धरलेल्याची जागा रिकामी राहत नाही आणि सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो. वॉशिंग्टन राज्यातल्या २०१३ च्या अभ्यासातही कूगर जास्त मारले गेलेल्या ठिकाणी पुढच्या वर्षी तक्रारी कमी न होता वाढल्या. जाणता नर गेला की त्याच्या मुलखात नवखे, तरणे नर शिरतात, आणि कुणाच्या गोठ्यात काय मिळतं हे करून बघण्याची खोड त्यांनाच जास्त. तुमच्या ओढ्याने जाणारा जर तीस वर्षं आजोबांना न दिसणाऱ्यांपैकी असेल, तर मला तोच शेजारी हवा.

लॉस एंजेलिसच्या मध्यावर ग्रिफिथ पार्कात पी-२२ नावाचा नर दहा वर्षं राहिला. दोन मोठे हायवे ओलांडून तो तिथे पोचला होता. लाखो लोक त्या बागेत फिरले, धावले, मुलांना घेऊन गेले, एकाही माणसाला त्याने दुखावलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये म्हातारा, आजारी आणि गाडीची धडक बसलेला असताना त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं, तेव्हा त्या शहरातली माणसं रडली. मीही. शेवटच्या दिवसांत त्याने पाळीव कुत्र्यांवर हल्ले केले होते हेही खरं. म्हणून तर म्हणते, कुत्रा रात्री घरात.

तेव्हा घर विकू नकोस. एक गोष्ट कर: ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीला एक ट्रेल कॅमेरा बांध. महिन्यातून एकदाच त्याचं कार्ड बघ, रोज नको, आणि जे दिसेल ते सासूबाईंना रात्री जेवणाच्या ताटावर दाखवू नकोस. दिवसा, चहाबरोबर दाखव.

पत्रा आणि जाळी आणायला तुम्हाला शनिवार-रविवार लागेल. तोवर शेळ्या गराजमध्ये घ्या. गाडी बाहेर राहू दे, खाली पेंढा पसर, पाण्याची बादली ठेव, दार पूर्ण खाली ओढ. आज संध्याकाळपासूनच.

तुझी,
काकू